ब्लॉगची स्पायरल प्रत दोन संचांत सादर करावी

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ब्लॉग आणि तत्सम ऑनलाइन साधनं वापरायचं तुम्ही ठरवलंत, याबद्दल समस्त प्राध्यापकवर्गाचं आधी अभिनंदन. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दिवसा नोकरी सांभाळून, पुण्यात एम.ए.ला बसण्याचा उद्योग मी केला आहे. त्यामुळे या विषयातला माझा अनुभव ताजा आहे. इतका ताजा, की स्पायरलवाल्याची पावती अजून पर्समध्ये आहे. चार सूचना करते. राग मानू नये.

'ब्लॉग' हा शब्द कालच निघाल्यासारखा उच्चारावा. ब्लॉगर ही सेवा १९९९ सालची, गूगलने ती २००३ मध्ये विकत घेतली, म्हणजे तुमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांपेक्षा ती वयाने मोठी आहे, हे कुणाला कळता कामा नये. 'नवोपक्रम' म्हणावं. पहिल्याच तासाला सगळ्यांना मोबाइल हातात धरून फळ्यासमोर उभं करावं आणि अक्षांश-रेखांश उमटलेला फोटो काढून घ्यावा. तपासणीची समिती कधी येईल सांगता येत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप किमान तीन हवेत: 'ऑफिशियल', 'ऑफिशियल न्यू' आणि 'ऑफिशियल फायनल'. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सॲपने २०१८ पासून करूनच दिली आहे, तिचा लाभ घ्यावा, म्हणजे शंका विचारायला कुणी उरत नाही. सूचना आधी टाइप करावी, प्रिंट काढावी, सही-शिक्का मारावा, बोर्डावर लावावी, आणि मग त्या बोर्डाचा तिरका फोटो ग्रुपवर टाकावा. ट्यूबलाइटची चकाकी नेमकी तारखेवर आली पाहिजे. वेळ रात्री पावणेबारा.

हजेरी गूगल फॉर्मवर घ्यावी. समोर बसलेल्यांची.

मूडलचा, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीचा, पासवर्ड निवृत्त झालेल्या सरांकडेच राहू द्यावा.

एबीसी आयडी मागावा, पण तो काय असतो ते सांगू नये. ऑफिसातल्या बाईंनी "एबीसी झालं का?" असं विचारल्यावर मी म्हटलं, "हो, कालच जाऊन आले, दोन पुस्तकं मिळाली नाहीत." विद्यार्थ्यांची क्रेडिट जमा ठेवणारी ती 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' २०२१ सालची. पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक, म्हणजे आम्हा पुणेकरांचं एबीसी, तिच्या कितीतरी आधीचा. यात माझं काय चुकलं?

आता ब्लॉगकडे येऊ. त्याला अंतर्गत मूल्यमापनात वीस गुण ठेवावेत, आठवड्याला एक अशा बारा नोंदी मागाव्यात आणि विषय मोकळा ठेवावा. मोकळा म्हटलं की माझ्यासारखे मूर्ख लोक मनापासून लिहितात. मी मंडईवर लिहिलं. आमच्या आजोबांचा तिथे गाळा होता. जुन्या नकाशांचे दुवे दिले, आईला बोलतं करून तिचा आवाज मोबाइलवर टिपला आणि नोंदीत घातला. ऑफिसातून आल्यावर, कुकर लावून, रात्री अकरापर्यंत. बारा आठवडे.

तेराव्या आठवड्यात बोर्डाचा तिरका फोटो आला. 'सर्व नोंदी प्रिंट करून, स्पायरल बाइंडिंग करून, दोन संचांत सादर कराव्यात.'

हे तुम्हीही जरूर करावं. ब्लॉगवर सर्वांत नवी नोंद सर्वांत वर असते, म्हणून मी त्याच क्रमाने पानं लावली. "उलटं का लावलंय?" झालं सुलटं. मग म्हणे फॉण्ट टाइम्स न्यू रोमन हवा, बारा पॉइंट. मराठी मजकुराला. त्या फॉण्टात देवनागरी अक्षरंच नाहीत, संगणक बिचारा गुपचूप दुसरा फॉण्ट लावून वेळ मारून नेतो, पण नियम पाळला गेला. दुवे निळे छापले आहेत. परीक्षकांनी बोट दाबून पाहावं. ध्वनिफितीचं काय करू, असं विचारलं तर "स्क्रीनशॉट लावा". तेव्हा सतराव्या पानावर एक छोटा त्रिकोण आहे. ती माझी आई.

प्रमाणपत्राचं पान, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. दोन संच. घ्या.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. प्रिंटबरोबर सॉफ्ट कॉपीही मागितली होती, वाङ्मयचौर्य तपासायला. प्रबंधांसाठी यूजीसीचा २०१८ चा नियम दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालवून घेतो. माझं आलं शहाण्णव. कशाशी साम्य? माझ्या ब्लॉगशी! त्यांनीच लिहायला लावलेल्या, त्यांनीच वीस गुण ठेवलेल्या ब्लॉगशी. उरलेले चार टक्के बहुधा ऋणनिर्देशाचे असावेत.

अर्धा दिवस रजा टाकून भेटायला गेले.

"सर, तो ब्लॉग माझाच आहे."

"असेल हो मॅडम, पण रिपोर्टमध्ये तसं दिसत नाही ना."

"वर माझं नाव आहे, फोटो आहे."

"नाव काय, कुणीही टाकतं. तुम्ही असं करा, खुलासा द्या आणि मूळ लेखिकेचं ना-हरकत पत्र जोडा."

दिलं. मी, खाली सही करणार, मलाच, खाली सही करणारीलाच, माझा मजकूर वापरण्यास हरकत घेत नाही. प्रत माहितीसाठी: मी. ऑफिसातल्या बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि आवक क्रमांक टाकला. हसल्याही नाहीत हो!

शेवटची सूचना कमेंटची. प्रत्येकाने किमान पाच जणांच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया देणं सक्तीचं करावं, त्याला पाच गुण ठेवावेत आणि प्रतिक्रिया मोजाव्यात. वाचू नयेत. म्हणजे काय होतं ते सांगते.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. शेवटच्या बाकावर बसते, वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला असेल तर हजेरीला. स्वतःचा संगणक नाही, सगळं मोबाइलवर टाइप केलेलं. तिने पेठेतल्या अभ्यासिकेवर लिहिलं. खुर्चीवर चिकटवलेली नावाची चिठ्ठी, डब्यातली रोजची तीच बटाट्याची भाजी, रात्री दिवे बंद करायला येणारे काका. आणि मग, स्पर्धा परीक्षा पुन्हा पुढे गेली हे तिने घरी सांगितलंच नाही. दिवाळीत गेली तर वडिलांनी विचारलं, पेपर कसा गेला. ती म्हणाली, चांगला गेला.

त्याखाली अकरा कमेंट होत्या. 'खूप छान.' 'नाइस.' 'खूप छान लेखन, असेच लिहीत राहा.' पाचव्या गुणासाठी घाईत असलेल्या कुणीतरी दोनदा 'खूप छान' टाकलं होतं. सरांची एकही ओळ नाही. गुण मिळाले वीसपैकी चौदा. दोन कापले, कारण अनुक्रमणिकेत पानांचे क्रमांक नव्हते. बाकीचे चार कशाचे, ते तिने विचारलं नाही. विचारणार कुठे, ग्रुपवर फक्त ॲडमिन बोलतो.

आता उपरोध पुरे. सर, तुम्हाला शरम वाटायला हवी. तोंडातून अक्षर न काढणारी मुलगी बारा आठवडे लिहीत होती, ते तुमच्या खिशातल्या फोनवर दिसत होतं आणि तुम्ही ते उघडलं नाहीत. तिच्या बाराही नोंदी मिळून तासाभराचं वाचन नव्हतं. नेट नव्हतं, वेळ नव्हता, साठ मुलं आहेत, सगळं मान्य. मग मागवू नका ना! बारा मागवता त्याऐवजी तीन मागवा, आणि त्या तीन वाचा. खाली दोन ओळी लिहा. चुका काढा, भांडा, 'हे पटलं नाही' म्हणा, पण वाचल्याचं कळू द्या. वाचायचंच नव्हतं तर लिहायला का लावलंत? आणि कपाटात ठेवायला कागदच हवे होते, तर सरळ जर्नल आणायला सांगायचं होतं, आम्ही कव्हर घालून, लेबल लावून आणलं असतं.

तिने निकालानंतर ब्लॉग पुसून टाकला. आता उरलेत ते दोन संच, कुठल्या कपाटात आहेत कोण जाणे.

माझा मात्र दुसरा संच परत आला आहे. ना-हरकत पत्र मागे जोडलंय, ते पुढे हवं. म्हणजे स्पायरल सोडवून पुन्हा करणं आलं. मुदत उद्या सकाळी अकरापर्यंत, आणि उद्या गुरुवार, आमच्याकडे वीज जाण्याचा वार. झेरॉक्सवाला म्हणाला, लाइट असली तर या.