क्षारसेतूतून इलेक्ट्रॉन वाहत नाहीत
डॅनियल घटात (जस्त आणि तांब्याच्या पट्ट्या आपापल्या क्षाराच्या द्रावणात बुडवून केलेल्या विद्युत घटात) इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि क्षारसेतूतून, म्हणजे दोन द्रावणे जोडणाऱ्या क्षारयुक्त नळीतून, जस्ताकडे परततात, असे दाखवणारी आकृती विद्यार्थ्यांमध्ये फिरत आहे. तिचा पूर्वार्ध बरोबर आहे, उत्तरार्ध चूक. जस्ताचा अणू २ इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून आयनरूपाने, म्हणजे प्रभारित कण होऊन, द्रावणात उतरतो, ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याच्या पट्टीवर पोहोचतात आणि द्रावणातील तांब्याचा आयन ते स्वीकारून धातुरूपाने तिथेच जमा होतो, त्यामुळे परतीचा प्रश्नच उरत नाही. द्रावणात आणि सेतूत सरकतात ते आयन: ऋण आयन जस्ताच्या बाजूला, धन आयन तांब्याच्या. सेतू काढला की प्रभाराचा असमतोल साचून सुमारे १.१ व्होल्टच्या या घटाचा प्रवाह जवळजवळ लगेच थांबतो. शिवाय आकृतीत ॲनोड (जिथे इलेक्ट्रॉन सोडले जातात ती पट्टी), म्हणजे जस्त, धन दाखवला आहे. विद्युत अपघटनात, म्हणजे बाहेरून वीज देऊन अभिक्रिया घडवताना, ते खरे ठरले असते, इथे तो ऋण असतो.