टोपी आणि हंसपद

रात्री साडेअकराला मी दूरवरच्या एका नेटवर्क स्विचशी, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याशी, भांडत होतो. भांडण एकतर्फीच, कारण समोरच्याचं वाक्य ठरलेलं: ‘इनव्हॅलिड इनपुट डिटेक्टेड’. त्याच्या डोक्यावर एक टोपी: ^. वहीत शब्द राहिला की शाळेतल्या बाई जे हंसपद काढायच्या, तेच हे चिन्ह. पण बाई राहिलेला शब्दही लिहून द्यायच्या.

सुरुवातच वाईट झाली होती. ‘एनेबल’ ही कमांड टाइप करताना बी आणि एलची अदलाबदल झाली. स्विचला वाटलं, हे कुठल्या तरी मशीनचं नाव आहे. मग स्वारी २५५.२५५.२५५.२५५ वर, म्हणजे गावभर, त्याचा पत्ता विचारत सुटली. कंट्रोल-शिफ्ट-सिक्स दाबून तिला परत आणलं. ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ एकदा देऊन ठेवलं की हा प्रकार थांबतो, हे मला दर वेळी आठवतं. नंतर.

मूळ काम किरकोळ होतं. एका ट्रंकवरून, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या सामाईक वायरीवरून, व्हीलॅन १० ते २०, म्हणजे नेटवर्कचे त्या नंबरांचे कप्पे, सोडायचे. कमांड डॉक्युमेंटमधून कॉपी केलेली, टोपी दहाच्या पुढे. तिथे डॅश होता. नाक स्क्रीनला टेकवून पाहिलं, तरी डॅशच होता. पंचवीस मिनिटांनी उलगडा झाला: डॉक्युमेंट देखणं करण्याच्या नादात कुणीतरी हायफनचा लांब डॅश केला होता. युनिकोडमध्ये हायफन ००२डी, लांब डॅश २०१३. माझ्या चष्म्यात दोन्ही आडव्या रेघा.

हायफन हाताने टाइप केला, एंटर मारलं. टोपी नाही, तक्रार नाही. मग कर्सरही हलेना.

कमांडमध्ये ‘अलाउड व्हीलॅन’च्या पुढे ‘ॲड’ राहिला होता. तो नसला की नवी यादी जुनीत मिळत नाही, जुनीच्या जागी बसते. ज्या व्हीलॅन ९९ वरून मी आत शिरलो होतो, तो जुन्या यादीत होता, नव्या यादीत नाही. म्हणजे ती टोपी पंचवीस मिनिटं मला वाचवत होती!

आधी ‘रीलोड इन १०’ दिलं असतं, तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून बंद-चालू होऊन पूर्वपदावर आला असता. नशीब, कॉन्फिग, म्हणजे बदललेलं सेटिंग, सेव्ह केलं नव्हतं; बंद करून चालू केलं की जुनंच परत येणार. तिकडच्या वॉचमनकाकांना फोन लावला, “काका, खोली उघडून त्या डब्याची वायर काढा आणि परत लावा.”

“लावतो. पण साहेब, बिघडलं काय?”

“काही नाही काका. कमांड बरोबर लागली.”