काकू, त्या एजंटकडे अजून पैसे भरू नका

आज सकाळी सोलापूरहून एका काकूंचा फोन आला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. लॉच्या इक्विटी विषयाचं सबमिशन तोंडावर आहे, पण हे लिहिल्याशिवाय मला अभ्यासाला बसता येणार नाही.

काकूंच्या मुलीला बारावीनंतर ऑस्ट्रेलियात लॉ आणि क्रिमिनॉलॉजीची, म्हणजे गुन्हेगारीशास्त्राची, जोडपदवी करायची आहे. मी सिडनीत तेच शिकते, चौथ्या वर्षाला आहे, म्हणून मला विचारायला फोन. एजंटने त्यांना सांगितलंय की हा कोर्स केला की तिथल्या पोलिसात थेट नोकरी, आणि नोकरी लागली की पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. शिवाय काकूंची स्वतःची एक शंका होतीच. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण बाळा, नुसतं लॉ केलं तर नाही का चालणार? मुलीच्या जातीला चोर-दरोडेखोरांचा अभ्यास कशाला?"

आधी एजंटचं बोलते, कारण त्याचा राग जास्त आहे.

न्यू साउथ वेल्सच्या, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथल्या, पोलिसात जायचं तर तुम्ही आधीच नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेंट असावं लागतं. फेडरल पोलीस आणि बॉर्डर फोर्सला तर नागरिकत्वच लागतं. म्हणजे पीआर आधी आणि नोकरी मागाहून. एजंट बरोब्बर उलटं सांगतोय. आणि इथे पोलिसात शिरायला क्रिमिनॉलॉजीची पदवी लागतच नाही. पदवी असो वा नसो, गोल्बर्नच्या पोलीस अकादमीत जाऊन त्यांचा पोलिसिंगचा कोर्स करावाच लागतो. यात गुप्त काहीच नाही, भरतीच्या पानावर सगळं लिहिलेलं असतं. स्टुडंट व्हिसाचा धंदा करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याला ठाऊक आहे आणि तो खोटं बोलतोय. तेही अशा घराशी, जिथे फी भरायला बार्शीकडची जमीन विकायची बोलणी चालू आहेत.

पैशांचंही ऐका. व्हिसाच्या अर्जाची फी २०२४ च्या जूनपर्यंत ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर होती. मग १६०० झाली आणि २०२५ च्या जुलैपासून २०००. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. राहण्याखाण्यासाठी वर्षाचे २९,७१० डॉलर आहेत असं दाखवावं लागतं, कॉलेजची फी आणि विमानभाडं त्याशिवाय. कोर्स पाच वर्षांचा. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांच्या वर काम करता येत नाही, त्यामुळे "पार्टटाइम करून फी निघते" असं कोणी सांगितलं तर तिथून उठून यावं. पार्टटाइममध्ये भाडं निघतं, तेही खोलीत दुसरी मुलगी असेल तर.

हं, कायद्याची पदवी घेऊन इथे स्थिरावलेली आपली मुलं आहेत, मान्य. सॉलिसिटर व्हायला इथे नागरिकत्व लागत नाही. पदवीनंतर प्रॅक्टिकल ट्रेनिंग करायचं, त्याची फी वेगळी, आणि इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात नाव दाखल करून घ्यायचं. पण हा रस्ता लॉचा आहे, पोलिसचा नाही, आणि तो एजंटने सांगितलेला नाही.

आता काकूंचा प्रश्न. काकूंवर मी चिडू शकत नाही. त्यांनी माझे लाड केलेत. पण तो प्रश्न मला दिवसभर टोचतोय, कारण त्याचं उत्तर सोलापुरातच आहे, आमच्या शाळेत.

सहावीत आमच्या वर्गात पारधी समाजाचा एक मुलगा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली, कुणाचे डब्याबरोबर दिलेले पैसे गेले, की बाई पहिल्यांदा त्याचं दप्तर तपासायच्या. त्यात कधीच काही सापडलं नाही. पुढे पुढे तर बाईंना सांगावंही लागायचं नाही. काहीतरी हरवलंय असं कानावर पडलं की तो आपणहून उठायचा, दप्तर टेबलावर उपडं करायचा आणि बाजूला उभा राहायचा. सातवीत त्याने शाळा सोडली.

पहिल्या वर्षाच्या क्रिमिनॉलॉजीच्या ट्युटोरियलमध्ये आम्हाला ॲबोरिजिनल लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, कोठडीतल्या मृत्यूंवरच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाचा, अहवाल वाचायला होता. १९८७ ला नेमलं, १९९१ ला अहवाल आला, ९९ मृत्यू तपासले, ३३९ शिफारशी केल्या. कमिशनने म्हटलं की तुरुंगात गेल्यावर ॲबोरिजिनल माणूस इतर कैद्यांपेक्षा जास्त प्रमाणात मरतो असं नाही. मुळात त्याला तुरुंगात टाकण्याचंच प्रमाण भयंकर आहे. आज तीस वर्षं उलटून गेली. लोकसंख्येत हे लोक शंभरात चारही नाहीत आणि तुरुंगात दर तिघांत एक आहेत. ट्युटरनी विचारलं, कुणाच्या देशात असं काही आहे का? मी त्या दप्तराबद्दल सांगितलं. मग १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट सांगितला, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवणारा. सोलापूरची सेटलमेंट सांगितली, तारेच्या कुंपणाआड ठेवलेली, हजेरी द्यायला लावलेली माणसं. जे साम्राज्य १७८८ मध्ये आपले कैदी जहाजांत भरून सिडनीच्या किनाऱ्यावर उतरवत होतं, त्याच साम्राज्याने हा कायदा आपल्याकडे केला. १९५२ ला तो रद्द झाला, आणि १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. नजर तीच राहिली.

हॉवर्ड बेकर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं आहे की गुन्हेगारपण हे कृत्याच्या अंगात नसतं, लोक नियम करून तो शिक्का कुणावर मारतात त्यात असतं. हे मी वाचलं तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही. मी ते सहावीत डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त त्यावर शास्त्र आहे, त्यावर बोलता येतं, कोर्टात मांडता येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

हे लॉच्या बाजूला शिकवत नाहीत, काकू. इथे वकील व्हायला अकरा विषय सक्तीचे आहेत. कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट्स, प्रॉपर्टी, इक्विटी, कंपनी लॉ वगैरे. त्यात फौजदारी कायदा आणि प्रक्रिया मिळून विषय एक, पुरावा दुसरा. चोरी कशाला म्हणायचं, हेतू कसा सिद्ध करायचा, हे तिथे शिकले. पण झडती नेहमी त्याच पोराची का होते, हे मला क्रिमिनॉलॉजीने विचारायला शिकवलं. सिडनीत पोलिसांची एक योजना होती. पुढे गुन्हा करतील असं वाटणाऱ्यांची यादी करायची आणि त्यांना रस्त्यात, घरी, सारखं गाठायचं. यादीत लहान मुलंही होती, आणि त्या मुलांत ॲबोरिजिनल मुलांची संख्या फार मोठी. पोलिसांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने चौकशी करून ताशेरे ओढले आणि २०२३ मध्ये ती योजना बंद झाली. ती बंद कशी पडली? कुणीतरी आकडे गोळा केले, मुलांच्या मुलाखती घेतल्या, वकिलांनी ते लावून धरलं. दोन्ही लागलं. नुसत्या वकिलाने झालं नसतं आणि नुसत्या अभ्यासकानेही नाही.

मागे एकदा सिडनीतल्या रेडफर्न स्टेशनवर पोलिसांनी एका पोराला थांबवलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत त्याने पाठीवरची बॅग काढून, चेन उघडून जमिनीवर ठेवली आणि बाजूला सरकला. मी जिन्यावर खिळून उभी राहिले. बाजूला सरकायची रीतसुद्धा तीच होती हो.

हे लिहिताना राग जरा उतरला. काकूंना भीती वाटते ती मुलीच्या काळजीपोटी, हे कळतं मला. कोर्टात बसावं लागतं, हे खरं. आम्हाला डाउनिंग सेंटरच्या कोर्टात मागच्या बाकांवर बसून कामकाज बघायला पाठवतात. जामिनाची प्रकरणं एकामागून एक येतात, काही तर चहा संपायच्या आत निकालात निघतात. मारहाणीचे फोटो असतात, आया रडत असतात. पहिल्यांदा बघून आले त्या रात्री मी जेवले नाही. हा अभ्यास जड आहे, आणि घरापासून इतक्या लांब, रात्री कुणाशी मराठीत बोलायला नसताना तो आणखी जड होतो. पण इथल्या नावरा गावात २००२ पासून वेगळ्या तऱ्हेनेही कोर्ट भरतं. मॅजिस्ट्रेट आणि ॲबोरिजिनल समाजातले वडीलधारे एकत्र गोल करून बसतात, आरोपी समोर, ज्याचं नुकसान झालं तोही, आणि शिक्षा काय द्यायची ते बोलून ठरवतात. त्याबद्दल वाचलं त्या दिवशी मला सोलापूरच्या कोर्टाचा व्हरांडा आठवला, आणि मी परत यायचं ठरवलं.

परत येणं सोपं नाही, तेही एजंट सांगत नाहीत. भारतात वकिलीची सनद हवी तर आपल्या विद्यापीठाची पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाला मान्य आहे का ते आधी बघायचं, आणि आल्यावर परदेशी पदवीवाल्यांची पात्रता परीक्षा द्यायची. मी इथे दंडसंहिता शिकतेय ती इथली. तिकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आलीय, ती नव्याने वाचावी लागणार. बाबा विचारतात, मग कर्ज कधी फिटणार? रास्त प्रश्न आहे. पदवीनंतर काही काळ इथे काम करून आधी ते उतरवीन. पण आपल्या तुरुंगांतले दर चौघांतले जवळजवळ तिघे कच्चे कैदी आहेत, खटला न संपलेले, आणि त्यांत विमुक्त जमातींचे, म्हणजे त्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्यांचे, किती असतील ते सोलापूरकरांना मी वेगळं सांगायला नको.

तर काकूंच्या मुलीने हा कोर्स करावा, जरूर करावा, पण एजंटने दाखवलेल्या वर्दीसाठी नाही.

आणि एक काम आहे. सोलापुरात विमुक्त-भटक्यांच्या केसेस चालवणारे, विशेषतः जामिनाची कामं करणारे वकील कुणाच्या ओळखीचे असतील तर मला मेसेज करा. डिसेंबरच्या सुट्टीत घरी येतेय. त्यांची हरकत नसेल तर रोज त्यांच्यासोबत कोर्टात बसायचंय, फायली उचलायचं काम दिलं तरी चालेल.