सुई शिवणाच्या डब्यातच बरी

परवा ठाण्यात वर्तकनगरला आईकडे गेलो. काडेपेटी शोधायला देवघराचा खण उघडला तर आत कागदात गुंडाळलेली एक सुई, स्पिरिटचा कापूस आणि वहीच्या पानावर आईच्या अक्षरात : ‘लकवा – आधी दहा बोटं, मग कान.’

मावशीने पाठवलेला मेसेज तिने उतरवून घेतला होता. तुम्हालाही आलाच असेल. चीनमधल्या कुणा डॉक्टरचा रामबाण उपाय : झटका आला तर पेशंटला जागचं हलवू नका, नाहीतर मेंदूतल्या बारीक वाहिन्या फुटतील. दहाही बोटांना सुई टोचून थेंब थेंब रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईस्तोवर ओढा, पाळ्यांनाही टोचा. माणूस शुद्धीवर आला की मग दवाखान्यात न्या.

आमच्या ग्रुपवर हा वर्षातून दोनदा तरी फिरतो, आणि मी सोडून देत होतो. पण आता घरात सुई तयार होती.

बहुतेक लकवे, म्हणजे ८० ते ८५ टक्के, मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकून होतात. बाकीचे वाहिनी फुटून. यात करंगळीचा काय संबंध? लाइन चोंदली गच्चीवर आणि आपण भोक पाडतोय तळमजल्याच्या पाइपाला. ‘अगं, पण टोचलं की हात हलतो म्हणतात,’ असं मावशी फोनवर म्हणाली. हलेल की. चटका बसला की हात मागे येतो ना, तसाच. तो हुकूम मज्जारज्जूच देतो, मेंदूला विचारायला थांबत नाही. त्यावरून मेंदू सुधारला असं कसं म्हणायचं?

कानांचं तर बोलायलाच नको. तोंड वाकडं होतं ते मेंदूचा एक भाग, बहुधा विरुद्ध बाजूचा, रक्ताविना उपाशी पडल्यामुळे.

खरा संताप येतो तो ‘हलवू नका’चा. जेफ्री सेव्हर या न्यूरॉलॉजिस्टने २००६ साली हिशेब मांडला होता : मोठी वाहिनी गुठळीने बंद झाली की उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. दहा बोटं, दोन कान, वर ‘शुद्धीवर येईपर्यंत थांबा’. दहा मिनिटं धरली तरी १ कोटी ९० लाख. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच औषध जिवावर बेतेल. बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणावं लागतं. आणि घाबरलेल्या माणसाला बारा ठिकाणी टोचून बीपी उतरत नाही. मावशी कासारवडवलीला राहते. संध्याकाळी घोडबंदर रोडने माजिवड्याला पोचायला किती वेळ लागतो, हे मी तिला सांगायचं?

याच मेसेजच्या दुसऱ्या एका अवतारात अ‍ॅस्पिरिन चघळायला द्या म्हटलंय. नका देऊ. रक्तस्राव आहे की गुठळी हे घरात कळत नाही, आणि लकव्यात गिळता येईलच असं नाही. पाणीसुद्धा नको.

एक मात्र मान्य करावं लागेल. हसायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, ही मेसेजमधली चाचणी खरी आहे. आणि टोचल्यावर कुणी ‘बरं झालं’ असेल, तर तेही खोटं नसेल. कधी कधी गुठळी आपोआप सुटते आणि लक्षणं काही मिनिटांत जातात. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात. सुई न टोचताही ती गेलीच असती. पण त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. नेमका असाच माणूस सुईला हात जोडून घरी झोपतो.

आईच्या कागदाच्या मागे मी लिहिलं : १०८ ला फोन. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ. चोवीस तास सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि सुई शिवणाच्या डब्यात टाकली. कापूस मात्र खणातच ठेवला. ‘असू दे,’ म्हणाली.