पोटनिवडणूक टाळून वाचवलेले पैसे कुणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लोकसभेची रिकामी झालेली जागा सहा महिन्यांत भरलीच पाहिजे, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचे मुद्दे दोन ओळींत उडवून लावण्यासारखे नाहीत.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उरलेल्या वर्ष-दीड वर्षासाठी पोटनिवडणूक घेणं म्हणजे जनतेच्या पैशाचा चुराडा. ५४३ पैकी एक खुर्ची रिकामी राहिली म्हणून संसदेचं काही अडत नाही. जर्मनीसारखं पक्षालाच माणूस नेमू द्यावा. नाहीतरी सहानुभूतीच्या लाटेवर दिवंगत खासदाराची पत्नी किंवा मुलगाच निवडून येतो. आणि ब्रिटनमध्ये कायद्याने मुदत नाही, तरी तिथली लोकशाही चालतेच आहे.

संसदेचं अडत नाही, हे मान्य. अडतं ते मतदारांचं. २०२४ च्या निवडणुकीवेळी देशात ९७ कोटींच्या आसपास मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी १८ लाख. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी गेले. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. चंद्रपूरचे बाळू धानोरकर ३० मे २०२३ रोजी गेले, अंबाल्याचे रतनलाल कटारिया त्याच महिन्यात. या तिन्ही जागा सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकाम्या राहिल्या. मधल्या काळात काय काय झालं ते बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभा नव्या इमारतीत गेली आणि महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. डिसेंबरात भारतीय दंड संहितेची जागा घेणाऱ्या कायद्यासह तीन नवे फौजदारी कायदे संमत झाले. या प्रत्येक वेळी पुणे, चंद्रपूर आणि अंबाल्याच्या वतीने सभागृहात उभं राहायला कुणीही नव्हतं. निकाल बदलला नसता, हे मलाही दिसतं. पण आपल्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं, का दिलं, हे विचारण्याचा त्या मतदारांचा हक्क तर गेलाच ना? प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, स्थायी समित्या, खासदार निधीतल्या कामांची शिफारस, यातलं काहीही त्यांच्या वाट्याला आलं नाही. शेजारच्या मतदारसंघाचा खासदार सज्जन असेल तर पत्र देईल, पण तुम्ही त्याला मत दिलेलं नसतं आणि पुढच्या वेळी पाडूही शकत नाही.

आणि एका मताने कधीच काही होत नाही असं म्हणाल, तर १७ एप्रिल १९९९ आठवा. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं. ब्रिटनमध्ये २८ मार्च १९७९ रोजी कॅलहन यांचं सरकार ३१० विरुद्ध ३११ असं पडलं, आणि त्यांचा एक आजारी सदस्य मतदानाला येऊ शकला नव्हता.

आता मुदतीकडे येतो, कारण माझा मूळ मुद्दा तोच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली कलम १५१ अ घालण्यात आलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक, असं ते सांगतं. अपवाद दोन. त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर. किंवा ठरलेल्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे, असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर.

पहिला अपवाद मला पटतो. तुमचा 'उरलेला काळ थोडा' हा आक्षेप त्यात मावतोही. त्याचा काटेकोर वापर २०१८ मध्ये दिसला. कर्नाटकातल्या तीन जागा मे महिन्यात रिकाम्या झाल्या, आंध्रातल्या पाच जागा २० जूनला. लोकसभेची मुदत ३ जून २०१९ ला संपत होती. म्हणून शिमोगा, बळ्ळारी आणि मंड्यात ३ नोव्हेंबरला मतदान झालं आणि आंध्रात झालं नाही. काही दिवसांच्या फरकाने इकडचे मतदार मतदानाला गेले, तिकडचे नाही. कुणाला हे कठोर वाटेल. पण रेषा कुठेतरी आखावी लागते, आणि ती आधीच आखलेली असली की तिच्यावर कुणाची मर्जी चालत नाही.

दुसरा अपवाद मात्र दार सताड उघडं ठेवतो. पुण्याच्या बाबतीत आयोगाने त्याचाच आधार घेतला. इतर निवडणुकांच्या कामात यंत्रणा गुंतलेली आहे आणि निवडून येणाऱ्याला काम करायला फारसा काळ मिळणार नाही, अशी कारणं दिली गेली. दुसरं कारण तर पहिल्या अपवादालाच बगल देतं. कायदा उरलेली मुदत जागा रिकामी झाल्या दिवसापासून मोजतो, आणि त्या दिवशी पुण्याच्या जागेची साडेचौदा महिने मुदत बाकी होती. आधी निवडणूक घ्यायची नाही, मग उशीर झाला म्हणून आता घेण्यात अर्थ नाही म्हणायचं, हे कोणत्याही मतदाराला पटू नये. त्याच वर्षी केरळात ओमन चंडी १८ जुलैला गेले आणि त्यांच्या पुतुपल्ली विधानसभा मतदारसंघात ५ सप्टेंबरला मतदान झालं. पन्नास दिवससुद्धा लागले नाहीत. म्हणजे यंत्रणा गुंतलेली असली तरी ठरवलं तर निवडणूक होते.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ रोजी आयोगाची कारणं फेटाळली आणि पुण्यात ताबडतोब पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. लोकांना प्रतिनिधीविना ठेवणं राज्यघटनेत बसत नाही, ही त्या निकालामागची भूमिका होती. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, कारण तोवर सार्वत्रिक निवडणूक दाराशी आली होती. माझ्या लेखी खरी अडचण इथे आहे. दाद मागून निकाल लागेपर्यंत वेळ निघून जातो आणि दिरंगाई करणाऱ्याचं ईप्सित आपोआप साधतं.

आयर्लंडमध्ये नेमकं असंच घडलं होतं, फक्त शेवट वेगळा झाला. डोनेगल साउथ-वेस्ट या मतदारसंघाची जागा जून २००९ मध्ये रिकामी झाली. सरकारचं बहुमत काठावरचं होतं आणि पोटनिवडणुकीची तारीख काही निघेना. विरोधी सिन फेन पक्षाचे पिअर्स डोहर्टी न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हा विलंब अवाजवी ठरवला, त्याच महिन्याच्या २५ तारखेला मतदान झालं, आणि डोहर्टी स्वतःच निवडून आले. पुढच्या वर्षी सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली. तुम्ही दिलेलं ब्रिटनचं उदाहरण बरोबर आहे, तिथे कायद्याने मुदत नाही. पण ज्या पक्षाचा सदस्य गेला त्याच्या मुख्य प्रतोदाने पुढाकार घ्यायचा आणि साधारण तीन महिन्यांत प्रक्रिया सुरू करायची, असा १९७३ पासूनचा संकेत आहे आणि तो बहुतेक वेळा पाळला जातो. आपल्याकडे लिहिलेली मुदतही पाळली जात नाही; तिथे संकेताच्या भरवशावर राहा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पक्षाने माणूस नेमावा, या सूचनेवर मी बराच विचार केला. जर्मनीत मतदार दोन मतं देतो, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाच्या यादीला. रिकामी जागा त्या यादीतून भरली जाते, आणि ती यादी निवडणुकीआधीच जाहीर झालेली असते. फ्रान्समध्ये उमेदवाराबरोबर त्याच्या बदली सदस्याचं नाव मतपत्रिकेवरच छापलेलं असतं, आणि तरीही सदस्याने राजीनामा दिला तर तिथे पोटनिवडणूक घ्यावी लागते. दोन्हीकडे मतदाराने त्या पर्यायाला आधी मान्यता दिलेली असते. आपल्याकडे अशी यादी नाही. इथे नेमणूक म्हणजे पक्षाध्यक्षाच्या घरातून निघालेलं एक पत्र. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे खासदार आधीच पक्षादेशाने बांधलेला आहे. त्याचं खासदारपदसुद्धा पक्षाच्या कृपेने मिळालेलं असेल, तर मतदारांना तोंड दाखवायची त्याला गरजच काय? आणि अपक्षांचं काय करायचं? दादरा आणि नगर हवेलीचे मोहन डेलकर २०१९ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या जागी माणूस कुणी नेमायचा होता?

सहानुभूतीच्या लाटेबद्दल. डेलकरांच्या पत्नी पोटनिवडणुकीत जिंकल्या, पुतुपल्लीत चंडींचा मुलगा जिंकला, हे खरं आहे. पण पालघरला मे २०१८ मध्ये चिंतामण वनगा यांचे पुत्र श्रीनिवास वनगा हरले. २०२३ मध्ये जालंधरला संतोखसिंग चौधरी यांच्या पत्नी मोठ्या फरकाने हरल्या. नांदेडला २०२४ मध्ये वसंतराव चव्हाणांचे पुत्र जिंकले, पण अवघ्या १,४५७ मतांनी. मतदार घरातल्या माणसाला संधी देतात, नाकारतात, काठावर आणून सोडतात. घराणेशाहीची तुम्हाला चीड आहे, मलाही आहे. पण नेमणुकीच्या पद्धतीत त्या घरातल्या माणसाला हरवण्याची सोयच उरत नाही.

सत्ताधारी पक्षच जिंकतो, असंही तुम्ही जाता जाता म्हटलंत. मार्च २०१८ मध्ये गोरखपूर आणि फूलपूर या, राज्याच्या मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांनी सोडलेल्या जागा सत्ताधारी पक्षाने गमावल्या. त्याहून मोठं उदाहरण १९६३ चं आहे आणि ते माझ्या फार जवळचं आहे. चीनबरोबरच्या युद्धाची जखम ताजी होती, नेहरूंचं बहुमत प्रचंड होतं. त्या वर्षीच्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी लोकसभेत आले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. त्याच चर्चेत लोहियांनी गरिबाचं रोजचं उत्पन्न तीन आणे असल्याचं सांगून सरकारला आकडेवारीवर उत्तर द्यायला लावलं. ठराव पडला, सरकार टिकलं. पण गरिबीच्या हिशेबावर देशाच्या संसदेत अशी जाहीर झुंज झाली, ती त्या पोटनिवडणुका झाल्या म्हणून. उरलेल्या मुदतीसाठी खर्च नको, असं तेव्हा कुणी ठरवलं असतं तर?

एका बाबतीत तुमची काळजी मला पूर्ण पटते, ती घाईची. लक्षद्वीपचे महंमद फैजल जानेवारी २०२३ मध्ये दोषी ठरले आणि अपात्र झाले. आयोगाने काही दिवसांतच २७ फेब्रुवारीची पोटनिवडणूक जाहीर केली. जानेवारीतच केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि निवडणूक थांबवावी लागली. शिक्षेमुळे जागा गेली असेल तर अपिलाची पहिली सुनावणी होईपर्यंत थांबायला हवं. सहा महिन्यांत तेवढी जागा निश्चित आहे. तसंच एप्रिल २०१७ मध्ये श्रीनगरच्या पोटनिवडणुकीत हिंसाचारात माणसं मेली, मतदान जेमतेम सात टक्के झालं, आणि अनंतनागची पोटनिवडणूक आधी पुढे ढकलून नंतर रद्द करावी लागली. अशा प्रसंगासाठी दुसरा अपवाद राहायलाच हवा. तो पूर्ण काढून टाका, असं माझं म्हणणं नाही.

मग नेमकं काय बदलायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंत. प्रमाणपत्राची कारणं कायद्यातच लिहावीत: युद्ध, नैसर्गिक आपत्ती, साथ, कायदा-सुव्यवस्थेची गंभीर स्थिती. 'यंत्रणा व्यग्र आहे' हे कारण त्यात नसावं. प्रमाणपत्र दिलं त्याच दिवशी ते कारणांसह जाहीर व्हावं, आणि त्याविरुद्धची याचिका ठरावीक दिवसांत निकाली निघावी. खर्चाची आणि यंत्रणेची तुमची चिंता जपानच्या पद्धतीने बरीच कमी होईल. तिथे संसदेच्या पोटनिवडणुका वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, एकत्र होतात. तारखा आधीपासून ठाऊक असल्याने कर्मचारी, केंद्रं, यंत्रं यांची जुळवाजुळव आयत्या वेळी करावी लागत नाही, आणि तारीख कुणाच्या सोयीने ठरली असा संशयही उरत नाही.

आणि उधळपट्टीच थांबवायची असेल, तर ती जिथे खरोखर होते तिथे हात घालू. मरण कुणाच्या हातात नसतं. पण दोन जागांवरून लढून दोन्ही जिंकायच्या आणि एक सोडून द्यायची, यातून येणारी पोटनिवडणूक पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. १९९६ पूर्वी तर जागांच्या संख्येवर बंधनच नव्हतं, आता ते दोनवर आलं आहे. एका उमेदवाराला एकच जागा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात केली. निवडणूक आयोगाने २००४ मध्येच तेच सुचवलं होतं, आणि ते जमत नसेल तर जागा सोडणाऱ्याकडून लोकसभेसाठी १० लाख रुपये वसूल करावेत, असंही म्हटलं होतं. यातलं काहीच अजून कायद्यात आलेलं नाही. दोन जागांची मुभा रद्द करण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली आणि हा विषय संसदेने ठरवायचा आहे असं सांगितलं. या मागणीसाठी तुम्ही आपल्या खासदाराला पत्र लिहिणार असाल, तर त्यावर माझीही सही असेल.