खुलासा : शेतात मुसळी पिकते म्हणून जंगलातली खणून चालत नाही

“सफेद मुसळी आता शेतात पिकते, तेव्हा मेळघाटातली सगळी खणली तरी जात संपणार नाही,” असा मेसेज अमरावती-अकोल्याकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. अकोट-अंजनगाव पट्ट्यात या औषधी कंदमुळाची लागवड होते, हे खरं. पुढचं साफ चुकीचं.

मळ्यात मुसळी बहुतेक कंदांपासूनच लावतात. मुळांचा झुबका हातात घेऊन पाहा. बोटांसारखी मांसल मुळं वर जिथं एकत्र येतात तिथं लहानशी चकती असते आणि डोळे तिच्यातच असतात. चकतीचा तुकडा लागलेलं बोट लावलं तरच फुटवा येतो. असं रोप जनुकांनी मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं. म्हणजे एकरभर हिरवं वावर दिसलं तरी त्यात वाण मोजकेच. कंदकुज लागली, तर एकाला जे मारेल ते त्याच्या सगळ्या नकलांना मारू शकतं.

जंगलात गोष्ट वेगळी. पावसाळ्यात पांढरी फुलं येतात, परागीभवन होतं, काळं बी पडतं. उगवतं त्यातलं थोडंच, पण त्यातून नवी सरमिसळ जन्मते. पुढं रोगाला टिकणारा वाण शोधायचा तर याच रानातून. ही विविधता एकदा गेली, की मळ्यातून परत आणता येत नाही.

खणण्याची घाई सर्वांत घातक आहे. फुलावर असताना उपटलं, की बीही गेलं. जिथं गोळा करायची परवानगी आहे, तिथंही पानं वाळून बी गळल्यावरच खणा आणि चकतीला दोन-तीन मुळं ठेवून ती तिथंच पुरा.