हळद तर सांडणारच: ओट्याच्या दगडाबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एकदा रात्री आणि एकदा सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्याकडच्या स्वयंपाकाला पांढऱ्या क्वार्ट्जचा ओटा टिकत नाही, काळा ग्रॅनाइटच घ्या. त्यावर तुम्ही म्हणता, तुमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं पांढरा क्वार्ट्ज आहे आणि त्यावर एक डाग नाही. काळ्या ओट्याने खोली अंधारी होते. ग्रॅनाइट पाणी पितो आणि त्यात जंतू राहतात, हे तुम्हाला दुकानदारानेच सांगितलंय. आणि मी बायकांना घाबरवून जुन्याच वाटेने पाठवते. शेवटी हेही लिहिलंय की चिपळूणला आईच्या घरी २०२१ च्या पुरात ओट्याखालचे प्लायचे कप्पे फुगून वाया गेले, आता सगळं नव्याने करायचंय, आणि तिथेही तुम्ही एल आकाराच्या ओट्याला पांढरा क्वार्ट्जच बसवणार आहात.

आधी माझी चूक. ‘टिकत नाही’ असं सरसकट लिहायला नको होतं. १९ वर्षं मी पुण्यात लोकांची स्वयंपाकघरं करून देते, आणि मला फोन येतात ते बिघडलेल्या ओट्यांचे. ज्यांचं छान चाललंय ते कशाला फोन करतील? माझं मत त्या तक्रारींवर पोसलं गेलं. तुमची तीन वर्षं तुमच्या डोळ्यांसमोरची आहेत, ती खोटी ठरवायचा मला काही अधिकार नाही.

म्हणून या आठवड्यात घरी पाच तुकडे मांडले: पांढरा क्वार्ट्ज, काळा ग्रॅनाइट, काश्मीर व्हाइट, मकराण्याचा संगमरवर आणि कडाप्पा. प्रत्येकावर दोन ठिकाणी चमचाभर कोमट तेलात कालवलेली हळद घातली आणि शेजारी अर्धं लिंबू पालथं ठेवलं. एक डाग दहा मिनिटांनी पुसला, दुसरा रात्रभर तसाच सोडला. दहा मिनिटांच्या पुसण्यात क्वार्ट्ज लख्ख निघाला. तुमच्याकडे डाग का नाहीत ते इथे कळलं. तुम्ही हाताबरोबर पुसून घेता. सकाळी मात्र दुसऱ्या जागी फिकट पिवळी झाक राहिली होती. साबण लावला तर ती लालसर झाली, हळदीत चुना पडला की कुंकू होतं तशी. धुतल्यावर पुन्हा पिवळी. तो तुकडा दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवला तेव्हा डाग उडाला, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. पण बसवलेला ओटा उन्हात कसा नेणार?

काळ्या ग्रॅनाइटवर काही दिसलं नाही. काश्मीर व्हाइट नावाने काश्मीरचा असला तरी तमिळनाडूतून येतो, गार्नेटचे लालसर ठिपके असलेला फार देखणा दगड. तो तेल प्यायला आणि रवाळ दाण्यांमध्ये पिवळा झाला. संगमरवरावर हळद तर राहिलीच, शिवाय लिंबाखालचं पॉलिश गेलं, बोटाला खरखरीत गोल लागतो. कडाप्पा हा आंध्रातल्या कडप्पा भागातला चुनखडीचाच दगड, त्यामुळे त्यावरही लिंबाचं पांढरं कडं उठलं. माझ्या आईच्या ओट्यावर अशी कितीतरी कडी होती आणि लहानपणी मला ती दगडाचीच नक्षी वाटायची.

थोडक्यात, हळदीच्या बाबतीत तुमचं बरोबर. मला काळजी आहे ती आचेची.

क्वार्ट्ज हे नाव फसवं आहे. तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. सुमारे नव्वद टक्के क्वार्ट्जचा चुरा आणि उरलेलं पॉलिएस्टर रेझिन (प्लॅस्टिकच्या जातीचा चिकट पदार्थ) व रंग असं दाबून, तापवून स्लॅब करतात. चुऱ्याला आचेचं काही वाटत नाही, रेझिनला वाटतं. साधारण १५० अंश सेल्सियसच्या पुढे ते करपायला लागतं. कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणून कुकर टेकवणारी बाई बहुतेक वेळा निभावून जाते. तळणीचं तेल १८० च्या घरात, आणि भाकरीचा तवा त्याच्याही वर.

कोथरूडच्या एका घरी ओटा बसवून चौथा महिना होता, तेव्हा मला बोलावलं. दिवाळी नुकतीच झाली होती. दाराची बेल वाजली म्हणून त्यांनी चकलीची कढई हॉबच्या, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या, उजव्या हाताला टेकवली आणि दार उघडायला गेल्या. परत येईपर्यंत पांढऱ्यावर कढईच्या बुडाएवढं पिवळट तपकिरी वर्तुळ. मी बोट फिरवलं, काही लागत नव्हतं, दगड तसाच गुळगुळीत, रंग तेवढा गेलेला. पॉलिशवाल्यानेही हात टेकले. त्या बाईंनी त्या जागी फळांची टोपली ठेवायला सुरुवात केली होती, आणि ती टोपली उचलून दाखवताना त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मागचा लेख मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतला होता, म्हणून तो इतका तिखट झाला.

ग्रॅनाइटवर ही भीती जवळजवळ नाही. मात्र हॉबच्या कटआउटपुढे जी तीन-चार इंचांची अरुंद पट्टी उरते, तिथे खाली आधार नसेल तर ग्रॅनाइटही तडकतो. आणि नारळ किंवा सुंठ ओट्यावर आपटून फोडायची सवय असेल तर कुठल्याच दगडाची हमी मी देणार नाही.

‘पाणी पितो’ याबद्दल. चांगला ग्रॅनाइट वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषतो. फिके, रवाळ दगड त्यातले त्यात जास्त पितात, त्यांना सीलर, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा लेप, लावावा लागतो आणि तो अधूनमधून पुन्हा लावावा लागतो. ओळखायला सोपं आहे: तुकड्यावर पाण्याचे चार थेंब ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुसा. खाली ओलसर गडद ठिपका दिसला तर दगड पितो. जंतूंचं म्हणाल, तर रात्री ओटा धुऊन कोरडा पुसणाऱ्या घरात ग्रॅनाइट आणि क्वार्ट्ज यांत मला भेद करावासा वाटत नाही. काळ्या ग्रॅनाइटच्या नावाखाली रंग चढवलेला दगडही मिळतो, हे मात्र दुकानदार सांगत नाही. पांढऱ्या फडक्याला थिनर लावून कोपरा घासा. फडकं काळं झालं तर तो दगड घेऊ नका.

आता एक गोष्ट, जी मागच्या लेखात यायला हवी होती आणि माझ्याकडून राहून गेली. क्वार्ट्ज कापतानाची धूळ. वारज्यात एका इमारतीच्या जिन्यापाशी मी एका पोराला ग्राइंडरने सिंकचा गाळा कापताना पाहिलं. पाणी नाही, तोंडाला साधा रुमाल, भुवया आणि केस पिठासारखे पांढरे. ती धूळ म्हणजे बारीक सिलिका, कारण क्वार्ट्ज हे सिलिकाचंच रूप. छातीत गेली की फुप्फुसं कडक होत जातात, सिलिकोसिस होतो, आणि त्यातून माणूस परत बरा होत नाही. ऑस्ट्रेलियात ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांना हा रोग इतका झाला की १ जुलै २०२४ पासून तिथे असा कृत्रिम दगड बनवणं, विकणं आणि बसवणं यावर बंदी आली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी. आपण ज्याला ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतो तो भूशास्त्राच्या हिशेबाने बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट, त्यात मोकळा क्वार्ट्ज नावालाच. तुम्ही क्वार्ट्जच घेणार असाल तर जरूर घ्या, पण सिंक आणि हॉबची मापं आधी देऊन सगळं कापकाम कारखान्यात पाण्याखाली करून घ्या, आणि तशी अट बिलावर लिहून घ्या. घरी येऊन कोरडं कापणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एवढं माझ्यासाठी कराच.

अंधाराबद्दल मात्र तुम्ही मला निरुत्तर केलंत. सहा बाय आठच्या स्वयंपाकघरात, समोरच्या इमारतीने खिडकी झाकलेली असताना, काळा ओटा उजेड गिळतो हे मी स्वतः पाहिलंय. बोअरचं पाणी असेल तर वाळलेल्या क्षाराचे डाग काळ्यावरच आधी दिसतात, आणि तेलाचा ओघळ मात्र दिसत नाही, हात लागला की कळतो. ज्या जागी बाई रोज तीन-चार तास उभी राहते ती जागा तिला बघावीशी वाटली पाहिजे. मी देखणेपणाला ‘हौस’ म्हणून बाजूला सारलं होतं. तो शब्द मी मागे घेते.

चिपळूणच्या घराचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी पुन्हा हट्ट धरणार आहे. कोकणातल्या ओट्यावर कोकमाच्या आगळाची बरणी असते, तिच्या बुडाखाली लालगुलाबी गोल उमटतो आणि दुपारपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. ठाण्याला तुम्ही ओटा हाताबरोबर पुसता, पण आईच्या वयाला ते रोज जमेल का? मागच्या पडवीत भांडी घासायची जागा असेल तर तिथे तर क्वार्ट्ज मुळीच नको, उन्हाने त्यातलं रेझिन पिवळं पडतं.

तुम्ही एल आकाराचा ओटा म्हणता, तर माझं सुचवणं असं. गॅस असलेली बाजू काळ्या किंवा गडद करड्या ग्रॅनाइटची करा, आणि खिडकीजवळची, जिथे आई भाजी निवडते आणि ताट वाढते, ती पांढऱ्या क्वार्ट्जची. जॉइंट कोपऱ्यात येऊ द्या, सिंकजवळ नको. दोन्ही स्लॅबची जाडी आधी जुळवा, ग्रॅनाइट १८ मिलिमीटर आणि क्वार्ट्ज १५ आला तर कडेला पायरी होते आणि तिच्यात पीठ अडकत राहतं. अशी दोन दगडांची स्वयंपाकघरं मी तीन केली आहेत आणि तिन्ही मला आवडतात.

ओट्याखाली पुन्हा प्लाय घालू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते आईला विचारा आणि त्या खुणेखाली लाकडाचं काहीच ठेवू नका. उभ्या आधारांना कडाप्पा लावा. लिंबाने डागाळणारा हाच दगड चार दिवस पाण्यात राहिला तरी फुगत नाही, धुतला की झालं. त्याच्या मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या आणि ॲल्युमिनियमची दारं. चार फळ्या वाचवायच्या असतील तर त्या वरच्या कपाटात वापरा.

राहता राहिली उंची. दुकानातली मुलं ३४ इंच सांगून मोकळी होतात. आईला पायांत नेहमीच्या चपला घालून उभं करा, कोपर वाकवून हात आडवा धरायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या आणि त्यातून चार ते सहा इंच कमी करा. ते माप मला कळवा, आणि आई पोळ्या उभ्याने लाटते की खाली बसून, तेही.